महायुद्ध कोणी मांडले आणि कोणी भोगले?

(नृसिंहवाडी येथे शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेत एका गावशाळेच्या शिक्षकाने केलेले भाषण)



आजच्या सभेत आम्ही १९१४ ते १९१८ या सालांतील पहिल्या महायुद्धाविषयी बोलावे, अशी मंडळींची इच्छा आहे. आपणांपैकी काहींच्या मनात येईल की, युरोपातल्या बादशहांच्या मारामारीशी वाडीच्या वांगी पिकवणाराचा किंवा शिरोळच्या सुताराचा काय संबंध? आम्ही उत्तर देतो की, संबंध फार जवळचा आहे. त्या लढाईत मराठा पलटणी होत्या, महारांची पलटण होती, लोहार होते, मोची होते, भिस्ती होते. त्या लढाईने आपल्या घरातले मीठ आणि रॉकेल महाग केले, रुपयाचा कागद केला, आणि तिच्या अखेरीस मानमोडीने घरेच्या घरे ओस पडली. ज्या गोष्टीची किंमत आपण मोजली, तिचा हिशेब आपण पाहू नये, हा कोणता न्याय? सावकाराची वही न वाचता अंगठा उठवणारांचे काय होते, हे आपल्याला निराळे सांगायला नको.

आता प्रथम कारणांकडे वळू. शाळेच्या पुस्तकात मुलांना शिकवतात की, एका राजपुत्राचा खून झाला आणि म्हणून महायुद्ध पेटले. मुलांना पाठ करायला हे सोपे आहे, पण आपण वाडीकर मंडळी पुराला ओळखतो. २००५ साली आणि २०१९ साली आपल्या दारात पाणी आले, ते काय वाडीवर पडलेल्या पावसाचे होते? पाऊस पडला घाटमाथ्यावर. कृष्णा चढली, तिने पंचगंगेला वाट दिली नाही, पंचगंगेला फूग आली आणि संगमावरचे आपण बुडालो. महायुद्धाचेही तसेच झाले. राजपुत्राचा खून हा शेवटचा पाऊस होता. पाणी त्यापूर्वी चाळीस वर्षे तुंबत होते.

ते पाणी कोठून कोठून आले ते पाहा. पहिला ओढा सूडाचा. १८७०-७१ साली जर्मनीने फ्रान्सचा पराभव करून त्याचे आल्सास व लोरेन हे मुलूख घेतले. बापाची जमीन गेलेला मुलगा जसा बांधावर उभा राहून दात खातो, तसा फ्रान्स पुढे चाळीस वर्षे दात खात राहिला. दुसरा ओढा लोभाचा. इंग्लंड आणि फ्रान्स यांनी आशिया व आफ्रिका आधीच वाटून घेतली होती. जर्मनी मागाहून कारखानदार झाला आणि म्हणू लागला की, आमच्या मालाला बाजार कोठे, आमच्या वाट्याचे गुलाम कोठे? या वाटणीत ज्यांची वाटणी होत होती, त्या आपल्यासारख्या लोकांना कोणी विचारले नाही, हे वेगळे सांगणे नको. तिसरा ओढा हत्यारांचा. इंग्लंडने १९०६ साली ड्रेडनॉट नावाची प्रचंड लढाऊ आगबोट पाण्यात सोडली, की जर्मनीने तसल्या आगबोटी बांधायला घेतल्या. एकाने चार बांधल्या की दुसरा सहा बांधणार. चौथा ओढा बाल्कन प्रांतातला. तेथे तुर्की सत्ता मागे हटत होती आणि तिच्या जागेवर ऑस्ट्रिया व रशिया या दोघांचा डोळा होता. ऑस्ट्रियाने १९०८ साली बोस्निया घशात घातला, त्यामुळे शेजारचे सर्बियाचे लोक खवळले.

हे सर्व ओढे एका पात्रात आणून सोडले ते तहांनी. १८८२ साली जर्मनी, ऑस्ट्रिया आणि इटली यांची एक जूट झाली. १८९४ साली फ्रान्स व रशिया एकत्र आले. १९०४ साली इंग्लंडने फ्रान्सशी आणि १९०७ साली रशियाशी आपली जुनी भांडणे मिटवली. म्हणजे दोन भावक्या तयार झाल्या. बांधावरून दोघांची बोलाचाली झाली, तर ती दोघांतच मिटण्याचा संभव असतो. परंतु दोघांनीही आपापल्या भावकीला आधीच शपथ घालून ठेवली असेल, तर एका फुटाच्या बांधासाठी सारा गाव काठ्या घेऊन उतरतो. युरोपात नेमके असेच झाले. यात गंमत अशी की, हे राजे खरेच भावकीतले होते. इंग्लंडचा पंचम जॉर्ज आणि जर्मनीचा कैसर विल्यम हे आते-मामेभाऊ, आणि जॉर्ज व रशियाचा झार निकोलस हे मावसभाऊ. राजेलोकांची सोयरीक झाली म्हणजे रयतेला शांतता लाभते, असे जे मानतात, त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आता ठिणगी. २८ जून १९१४ रोजी बोस्नियातील साराजेवो शहरात ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड आणि त्याची पत्नी यांना गाव्रिलो प्रिन्सिप याने गोळ्या घातल्या. हा प्रिन्सिप एकोणीस वर्षांचा, शेतकऱ्याच्या घरचा पोर होता. ऑस्ट्रियाने जर्मनीचा पाठिंबा मिळवला आणि २३ जुलैला सर्बियापुढे अशा अटी टाकल्या की, कोणत्याही स्वाभिमानी राज्याने त्या मान्य करू नयेत. सर्बियाने बहुतेक अटी मान्य केल्या, तरी २८ जुलैला ऑस्ट्रियाने लढाई पुकारली. सर्बियाच्या पाठीशी रशिया. त्याने ३० जुलैला साऱ्या फौजेला तयारीचा हुकूम दिला. जर्मनीने १ ऑगस्टला रशियाशी आणि ३ ऑगस्टला फ्रान्सशी युद्ध जाहीर केले. ४ ऑगस्टला जर्मन फौज बेल्जममध्ये घुसली आणि त्याच दिवशी इंग्लंड लढाईत उतरले.

एका आठवड्यात एवढे सगळे कसे झाले? याचे एक कारण आगगाडी होय. लाखो माणसे सरहद्दीवर नेण्यासाठी सेनापतींनी गाड्यांची वेळापत्रके अनेक वर्षे आधी तयार करून ठेवली होती. जर्मनीचा बेत असा की, रशिया मोठा आणि संथ, तो तयार होईपर्यंत बेल्जममधून जाऊन फ्रान्सला सहा आठवड्यांत चीत करायचे आणि मग गाड्या पूर्वेकडे वळवायच्या. तेव्हा रशियाने तयारी सुरू केली म्हणजे जर्मनीला एक दिवसही थांबणे परवडेना. बोलणी करायला सवड राहिली नाही. मुत्सद्द्यांचे तोंड बंद झाले आणि वेळापत्रक बोलू लागले. यंत्र माणसासाठी केले होते, त्या यंत्राने माणसाला जुंपले.

चार ऑगस्टला इंग्लंडने युद्ध पुकारले त्याबरोबर हिंदुस्थानही युद्धात गेला. कोणत्या सभेने ठराव केला? कोणाचे मत घेतले? कोणाचेही नाही. मालकाने गाडी जुंपली, बैलाला विचारण्याची चाल नव्हती.

युरोपातली हकीगत थोडक्यात सांगतो. सप्टेंबर १९१४ मध्ये पॅरिसजवळ मार्न नदीवर जर्मन फौज अडवली गेली. मग दोन्ही बाजू जमिनीत खंदक खणून बसल्या. स्वित्झर्लंडच्या सरहद्दीपासून समुद्रापर्यंत हे चर गेले होते, आणि त्यांच्या पुढे काटेरी तार. यंत्रतोफेपुढे छाती काढून धावणे म्हणजे मरण, हे दोन्हीकडच्या सेनापतींना शिकायला लाखो प्राण लागले. ऑक्टोबर १९१४ मध्ये आपल्या देशातील शिपाई बेल्जममध्ये ईप्र येथे चरांत उभे होते. तिकडच्या हिवाळ्याला पुरतील असे गरम कपडे त्यांना वेळेवर मिळाले नव्हते. १९१५ साली एप्रिलमध्ये जर्मनीने त्याच ईप्र येथे विषारी वायू सोडला. १९१६ साली व्हर्दून आणि सोम या दोन लढायांत कित्येक लाख माणसे पडली आणि सरहद्द काही कोसच हलली. १९१७ साली रशियात क्रांती होऊन झारशाही गेली आणि त्याच वर्षी अमेरिका इंग्लंड-फ्रान्सच्या बाजूने उतरली. अखेर ११ नोव्हेंबर १९१८ रोजी जर्मनीने शस्त्रे खाली ठेवली. चार वर्षांत सर्व राष्ट्रांचे मिळून नव्वद लाखांच्या आसपास शिपाई मेले.

आता आपल्या घरच्या गोष्टीकडे येतो. मराठा पलटणींची मोठी संख्या फ्रान्समध्ये नव्हती. ती होती मेसोपोटेमियात, म्हणजे हल्लीच्या इराकात. तेथे का? याचे उत्तर तुमच्या चिमणीत आहे. लढाईपूर्वीच इंग्रजी आरमाराने आपल्या आगबोटी कोळशाऐवजी खनिज तेलावर चालवायला घेतल्या होत्या. ते तेल इराणात निघे आणि आबादान येथे शुद्ध होई. १९१४ साली इंग्लंडच्या सरकारने त्या कंपनीचे अर्ध्याहून अधिक भाग विकत घेतले. आबादानच्या शेजारी बसरा, आणि बसरा तुर्कांचा. तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने उतरताच नोव्हेंबर १९१४ मध्ये हिंदुस्थानातून फौज धाडली गेली. ती पुणे डिव्हिजन, आणि तिच्या पहिल्या तुकड्यांत ११७ वी मराठा पलटण होती. २२ नोव्हेंबरला बसरा हाती आले. तेलाचे रक्षण झाले. काम तेवढेच होते, ते तेथेच संपायला हवे होते.

पण विजयाची चटक वाईट. टायग्रिस नदीच्या काठाने फौज वर वर चालली. सप्टेंबर १९१५ मध्ये जनरल टाउनशेंड याने कुत-अल-अमारा हे गाव घेतले. मग बगदादचा मोह पडला. पाठीशी आगबोटी पुरेशा नाहीत, औषधे नाहीत, जखमींना नेण्याची सोय नाही, तरी हुकूम सुटला. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफोन येथे मोठी लढाई झाली आणि आपल्या बाजूची साडेचार हजारांवर माणसे मेली किंवा जखमी झाली. जखमींना स्प्रिंग नसलेल्या गाड्यांत घालून खडकाळ रस्त्याने नदीपर्यंत नेले आणि मग बोटींच्या उघड्या फळ्यांवर ठेवून दिवसचे दिवस बसऱ्याकडे नेले. पुढे याची चौकशी झाली. १९१७ साली चौकशीचा अहवाल बाहेर पडताच विलायतेतील हिंदुस्थानचे मंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला.

माघार घेऊन टाउनशेंड कुतला आला आणि डिसेंबर १९१५ मध्ये तुर्कांनी त्याला कोंडले. कुत हे गाव नदीच्या वळशात आहे. तीन बाजूंनी पाणी. वाडीकरांना असे गाव कसे कोंडते हे सांगायला नको. आत १०३ वी, ११० वी आणि ११७ वी या मराठा पलटणी होत्या. वेढा १४७ दिवस चालला. सोडवायला आलेल्या फौजेचे तेवीस हजारांच्या आसपास लोक मेले वा जखमी झाले, म्हणजे आत कोंडलेल्या माणसांहून कितीतरी अधिक. वसंतात टायग्रिसला पूर आला आणि चिखलाने वाट अडवली. विमानांतून धान्याची पोती टाकून पाहिली. ‘जुलनार’ नावाची आगबोट २७० टन अन्न घेऊन रात्री निघाली, ती वाटेत पकडली गेली. तुर्की सेनापतीला लाखो पौंड देऊन वेढा उठवण्याची बोलणी झाली, तीही फसली.

आत काय चालले होते? धान्य संपत आले तेव्हा तोफखान्याची आणि रिसाल्याची घोडी मारून खाण्याची पाळी आली. गोऱ्या शिपायांनी ते मांस खाल्ले. आपल्या शिपायांनी कित्येक आठवडे ते नाकारले. हिंदुस्थानातून धर्मगुरूंच्या परवानग्या तारेने मागवल्या, तरी पुष्कळांचे मन होईना. भाजी नाही, मांस नाही, तेव्हा स्कर्व्ही नावाचा रोग पसरला. हिरड्या सुजतात, जुन्या जखमा उघडतात, अंगातला जीव जातो. पुष्कळजण यात खंगले. कोणी म्हणेल की, हा अडाणीपणा होता. आम्ही तसे म्हणणार नाही. त्या शिपायांनी आपली अडचण स्वच्छ सांगितली होती. आम्ही घोडे खाल्ले असे गावी कळले, तर आमच्या पोरींशी लग्न कोण करील? म्हणजे भीती परमेश्वराची नव्हती, भावकीची होती. तुर्कांच्या गोळीला न भ्यालेला गडी गावच्या पंगतीला भ्याला. सांगा, त्या शिपायांच्या मृत्यूचे थोडे तरी पाप आपल्या पंगतीच्या खात्यावर पडते की नाही? सरकारचा हिशेब मागताना आपण आपल्याही घरचा हिशेब पाहिला पाहिजे.

२९ एप्रिल १९१६ रोजी कुत पडले. शिपाई आणि बिनलढाऊ मिळून सुमारे तेरा हजार माणसे कैद झाली. उपाशी, आजारी माणसांना उन्हातून बगदाद, मोसुल आणि पुढे अनातोलियाकडे पायी चालवले. जे पोहोचले त्यांना आगगाडीचे बोगदे खणायला लावले. हजारो वाटेत आणि छावण्यांत मेले. आणि सेनापती टाउनशेंड? त्याला कॉन्स्टँटिनोपलजवळच्या बेटावर बंगला मिळाला. लढाई संपेपर्यंत तो तेथे सुखाने राहिला. शिपाई आणि सेनापती एकाच दिवशी कैद झाले, पण कैद एकसारखी नव्हती.

पुढे नवी फौज, नव्या बोटी आणि रेल्वे आणून जनरल मॉड याने ११ मार्च १९१७ रोजी बगदाद घेतले. १९१८ साली ऑक्टोबरअखेर शर्कत येथे ११४ व्या मराठा पलटणीने असे शौर्य केले की, तिला मानाची पुष्कळ पदके मिळाली. आपल्या माणसांचे शौर्य आम्ही लपवणार नाही, त्याचा अभिमानच बाळगतो. परंतु शौर्य करणाराला ते कोणासाठी करतो आहोत हे ठाऊक असावे, एवढेच आमचे म्हणणे.

आता पैशाचा हिशेब घ्या. शिपायाला महिना अकरा रुपये पगार होता. हिंदुस्थानातून सुमारे ८ लाख ७७ हजार लढाऊ आणि ५ लाख ६३ हजार बिनलढाऊ माणसे भरती झाली. हे बिनलढाऊ कोण? पाणी वाहणारे भिस्ती, डोली उचलणारे कहार, खेचरवाले, धोबी, मोची, लोहार, सुतार, झाडूवाले. त्यांचा पगार शिपायाहून कमी, मान त्याहून कमी, मरण मात्र सारखेच. साऱ्यांत मिळून सुमारे ७४ हजार माणसे परत आली नाहीत. शिवाय १९१७ साली हिंदुस्थान सरकारने इंग्लंडला १० कोटी पौंडांची देणगी जाहीर केली. त्या वेळच्या पंधरा रुपयांच्या भावाने ती दीडशे कोटी रुपये होते. देणगी देणाराला देण्यापूर्वी विचारतात, असा आपल्याकडे रिवाज आहे. येथे देणारांना बातमी मागाहून कळली आणि ती कर्जाच्या रूपाने डोक्यावर बसली.

नाण्यांचेही पाहा. लढाईमुळे चांदी इतकी दुर्मीळ झाली की, रुपये पाडायला पुरेना. म्हणून ३० नोव्हेंबर १९१७ रोजी एक रुपयाची नोट प्रथम निघाली. बाजारात चांदीचा रुपया घेऊन जाणाऱ्या शेतकऱ्याच्या हातात कागद आला. कापड, रॉकेल, मीठ यांचे भाव चढले. कारागिराला कच्चा माल महाग आणि गिऱ्हाईक कंगाल. त्यात १९१८ साली पावसाने दगा दिला. आणि त्याच पावसाळ्यात मुंबई बंदरातून मानमोडी आली. जूनमध्ये मुंबईच्या गोदीवरचे पोलीस शिपाई तापाने पडले, तो आरंभ. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दुसरी लाट आली, ती जीवघेणी. छावण्या, जहाजे आणि आगगाड्या यांतून माणसांची जी दाटी चालली होती, तिने रोगाला वाट करून दिली. एकट्या मुंबई इलाख्यात दहा लाखांवर आणि साऱ्या हिंदुस्थानात सव्वा कोटीहून अधिक माणसे मेली. त्यांत बायका अधिक, कारण आजाऱ्याची सेवा त्याच करीत आणि उपासही त्याच काढीत. रणांगणात जितकी माणसे साऱ्या जगाची मेली, त्याहून अधिक एकट्या हिंदुस्थानात तापाने मेली.

आमच्या छत्रपती शाहू महाराजांचे काय, असे कोणी विचारील. महाराजांनी मराठ्यांना पलटणीत भरती व्हा असे सांगितले होते, हे झाकण्याचे कारण नाही. त्यांचा विचार असा होता की, लढाईत कामास येणाऱ्या जातींना सरकार डावलू शकणार नाही. या हिशेबातले काही साधले. १९१९ च्या सुधारणांत मुंबईच्या कायदेमंडळात मराठा व तत्सम जातींसाठी सात जागा राखून मिळाल्या. परंतु मत मात्र सारा आणि कर भरणाऱ्या थोड्यांनाच होते. आणि काही मुळीच साधले नाही. महारांचे पाहा. लढाईच्या आधी वीस-पंचवीस वर्षे त्यांची भरती सरकारने बंद केली होती. १९१७ साली माणसांचा तुटवडा पडताच १११ वी महार पलटण उभी केली आणि १९२१ साली मोडून टाकली. गरज सरो, वैद्य मरो! पुढे दुसरे महायुद्ध आले, तेव्हा १९४१ साली बेळगावास पुन्हा महार रेजिमेंट उभी करावी लागली. माणूस तोच, त्याचे मनगट तेच. गरजेच्या वेळी तो शूर ठरला आणि गरज संपताच अस्पृश्य. पंजाबने तर सर्वांत अधिक शिपाई दिले होते. त्या पंजाबला बक्षीस मिळाले ते १३ एप्रिल १९१९ रोजी अमृतसरच्या जालियनवाला बागेत.

महाराजांच्या त्याच वर्षांतील दुसऱ्या कामाची मात्र आम्ही अधिक आठवण देतो. १९१७ साल, जगभर तोफा ओतल्या जात होत्या. त्या साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत करण्याचा हुकूम निघाला. बगदाद घेतल्याने शिरोळच्या शेतकऱ्याला काय मिळाले, ते आम्हांस शोधून सापडत नाही. त्या शाळेच्या हुकमाने काय मिळाले, ते मात्र या सभेत कितीजण वर्तमानपत्र वाचतात यावरून कळते.

२८ जून १९१९ रोजी व्हर्सायचा तह झाला. बरोबर पाच वर्षांपूर्वी त्याच तारखेला साराजेवोला गोळी सुटली होती. जर्मनीवर जबर दंड बसवला, तुर्कांचे मुलूख इंग्रज-फ्रेंचांनी वाटून घेतले. राष्ट्रसंघ स्थापन झाला, पण जितांच्या मनातला सूड तसाच राहिला. वीस वर्षांनी १९३९ साली दुसरे महायुद्ध पेटले. आधी सांगितलेला सूडाचा ओढा आठवा. तो बुजवला नाही म्हणून पुन्हा वाहिला.

शेवटी नावांविषयी. बसऱ्याला मेसोपोटेमियात ज्यांची थडगी सापडली नाहीत, अशा चाळीस हजारांवर माणसांचे स्मारक १९२९ साली उघडले. तेथे गोऱ्या शिपायांची नावे दगडात कोरली. हिंदी अंमलदारांची नावे कोरली. हिंदी शिपायांची मात्र नावे नाहीत. पलटणीचे नाव आणि पुढे मेलेल्यांचा आकडा. हा भेदभाव झाला, अशी कबुली त्या स्मारकांची व्यवस्था पाहणाऱ्या विलायतेतील आयोगाने २०२१ साली दिली. दिल्लीच्या इंडिया गेटवर तेरा हजारांवर नावे आहेत, तीही सर्वांची नव्हेत. आपल्या मुलखात कित्येक गावांत संगमरवरी पाट्या लावल्या आहेत. या गावातून इतकी माणसे महायुद्धास गेली आणि इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर. नाव एकाचेही नाही. जनावरांची मोजदाद अशी करतात. ज्याच्या आईने बारशाला नाव ठेवले, त्याचा सरकारने आकडा केला.

म्हणून आम्ही आपणांस तीन कामे सांगतो. पहिले, आपापल्या घरात आणि गावात विचारा. कोणाचा पणजा, कोणाचा खापरपणजा त्या लढाईस गेला होता? जुनी पदके, पेन्शनचे कागद, पलटणीचे दाखले पेटीच्या तळाशी असतील. नाव, गाव, जात नव्हे, पलटण, साल, असे वहीत लिहा आणि ती वही शाळेत द्या. शाळेतील मुले ती स्वच्छ अक्षरात उतरून ठेवतील. दुसरे, कोणी लढाईच्या गर्जना करू लागला, म्हणजे त्याला चार प्रश्न विचारायची सवय लावा. भांडण कशाचे? त्यातून कोणाला काय मिळणार? पोर कोणाचे जाणार? पैसा कोण देणार? देशाचे रक्षण करणे हा आपला धर्म आहे, सरहद्दीवर आपली पोरे आजही उभी आहेत आणि त्यांचा आम्हांस अभिमान आहे. पण त्यांच्या प्राणाची किंमत ज्याला कळते, तोच हे प्रश्न आधी विचारतो. आता बैलाला न विचारता गाडी जुंपण्याचे दिवस नाहीत. मत आपल्या हातात आहे. तिसरे, मुलींना आणि मुलांना भूगोल-इतिहास नीट शिकवा. मार्कांसाठी पुष्कळजण शिकतात. जगात पाऊस कोठे पडला, म्हणजे आपल्या दारात पाणी कधी येईल, हे कळण्यासाठी शिकवा.

संगमावर राहणाऱ्या माणसाला दोन्ही नद्यांवर डोळा ठेवावा लागतो. एकीकडची नदी शांत दिसते म्हणून झोपून गेलो, तर दुसरीची फूग रात्रीतून उंबऱ्यावर येते. जगाच्या राजकारणाचेही तसेच आहे.  वही लिहिण्याचे काम येत्या रविवारी शाळेच्या ओट्यावर सुरू होईल. ज्यांच्या घरी काही कागद असेल, त्यांनी तो घेऊन यावे.